सुई कुणाला लागू पडेल

त्या बाईंना टेबलावर घेऊ नये असं मला एकदाही वाटलं नाही, याचीच आज मला सगळ्यात जास्त भीती वाटते. शंका येऊन दुर्लक्ष केलं असतं तर निदान स्वतःला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण मला शंकाच आली नव्हती.

मी भूलतज्ज्ञ. ग्वाल्हेरात, लश्कर भागातल्या एका लहान खासगी दवाखान्यात भूल देते. बहुतेकांना नेहमीची, औषधाची. पण काही वर्षांपासून, ज्यांना औषध चालत नाही अशा मोजक्या पेशंटना मी सुयांवर घेत होते. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात, मनगटाच्या वर, अशा ठरलेल्या जागी केसासारख्या बारीक सुया टोचायच्या, त्यांना मंद वीज जोडायची आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. काहींची दुखण्याची जाणीव त्यानं खरोखर बोथट होते. काहींची तसूभरही होत नाही. पेशंट पूर्ण जागा असतो, बोलतो, बघतो. त्यामुळे सगळी मदार एकाच गोष्टीवर असते: सुई कुणाला लागू पडेल आणि कुणाला नाही, हे आधी ओळखणं. ओळखण्यात चूक झाली तर ती सुरी फिरायला लागल्यावरच कळते.

आणि मला ओळखता येतं असा माझा गर्व होता. गर्वच म्हणायचा, उगाच सौम्य शब्द कशाला वापरू? पाटणकर बाजारात भाजीची पिशवी घेऊन उभी असले तरी माझं आपलं चालूच असायचं. हा कापडवाला, याला लागू पडेल. ती भावासाठी हुज्जत घालणारी बाई, तिला तर हमखास. तो 'जैसा आप कहें' म्हणत मान डोलावणारा गृहस्थ, त्याच्या वाटेला मात्र जायचं नाही. माझं साधं सूत्र होतं. जो कुरकुर करतो तो खरं बोलतो. कुठे दुखतंय हे जो सांगतो, तो दुखायचं थांबलं की तेही सांगतो. हजीरा भागातला एक मिठाईवाला आठवतो. तपासणीच्या वेळी त्यानं माझा, माझ्या यंत्राचा आणि सगळ्या डॉक्टर जातीचा उद्धार केला. 'मैडम, आप सुई लगा रही हैं कि दुश्मनी निकाल रही हैं?' हाच माणूस पुढे हर्नियाच्या ऑपरेशनात चक्क घोरत पडला होता. असे दोन-चार अंदाज बरोबर आले की माणसाचं डोकं फिरतं. माझंही फिरलं.

तपासणी अशी करायची. पेनाएवढं एक स्प्रिंगचं यंत्र असतं, त्याच्या टोकानं कातडीवर दाब द्यायचा आणि वरचा काटा बघायचा. काटा एकपासून दहापर्यंत जातो. दुखायला लागलं की पेशंटनं 'बस' म्हणायचं. आधी सुयांशिवाय एकदा दाबायचं, मग सुया लावून वीस मिनिटांनी पुन्हा. दोन आकड्यांत जेवढं जास्त अंतर, तेवढी सुई लागू. या वेळी नातेवाईकांनी खोलीबाहेर थांबायचं, हा माझा नियम. नवरा शेजारी असला की बाई नवऱ्याकडे बघून उत्तर देते आणि आई शेजारी असली की तरणाताठा गडीही दोनवरच कळवळतो.

त्या बाई आल्या त्या मे महिन्यात. बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. दवाखाना ज्यांचा, त्या सर्जन सरांच्या सुनेची ती आई. म्हणजे सरांच्या विहीणबाई. मी त्यांना काकू म्हणायचे. साठीच्या आसपास, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, फौजेतल्या जुन्या घराण्यातल्या. सरांचं घराणं दरबारात मानकरी होतं आणि ते अजून त्यांच्या चालण्यात दिसतं. काकूंच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती. ती श्वासनलिका दाबत होती. आडवं झालं की घुसमट, त्यामुळे चार उशा लावून बसल्या-बसल्या झोपायच्या.

गाठ काढणं भाग होतं आणि भूल देणं अवघड. पूर्वी एका ऑपरेशनात पूर्ण भूल दिली तेव्हा त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती, कितीतरी दिवस यंत्रावर काढले होते. दाताच्या वेळी बधिरतेचं इंजेक्शन दिलं तर तोंड सुजून श्वास बंद व्हायची पाळी आली. नसेतून गुंगीचं द्यावं तर आधीच अर्धा राहिलेला श्वास मंदावायचा. मी म्हटलं, दिल्लीला पाठवू. तिथे मोठी यंत्रणा आहे.

काकूंनीच नको म्हटलं. मुलीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ते आपणच करायचं, आणि त्याआधी आपण धडधाकट व्हायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. 'दिल्लीला कोण कुठे राहणार? कोण बघणार? इथे भाऊसाहेब आहेत, घरचं आहे,' त्या म्हणाल्या. भाऊसाहेब म्हणजे सर, त्यांचे व्याही.

सर माझ्याकडे वळले. 'मॅडम, तुमच्या सुया आहेत की. तुमचा अंदाज कधी चुकलाय?'

चुकला नव्हता. म्हणजे तोवर नव्हता. मी मान ताठ करून म्हटलं, 'बघते.'

दुसऱ्या दिवशी तपासणी. खोलीत आम्ही दोघीच. मी काकूंच्या दंडावर यंत्र टेकवलं. काटा तीनवर गेला नाही तोच त्यांनी 'बस बस, पुरे!' करत हात ओढून घेतला, आणि स्वतःच हसल्या. 'मी फार भित्री हो डॉक्टर.' मला बरं वाटलं. कुरकुरणारी बाई, म्हणजे खरं बोलणारी बाई. मी तीन लिहिलं, सुया टोचल्या, तारा जोडल्या. वीस मिनिटं त्या मुलीबद्दल बोलत होत्या. डिंकाचे लाडू कधी करायचे, अळीव कुठून आणायचा, किला गेटपाशी राहणारी मालिशवाली अजून येते का. हात जड वाटतो का विचारलं तर म्हणाल्या, 'वाटतो थोडा.'

तेवढ्यात सर आले. आत नाही, दारातच उभे राहिले. हात मागे बांधून. 'काय म्हणतायत आमच्या विहीणबाई?'

काकू ताठ बसल्या. मोकळ्या हातानं डोक्यावरून पदर घेतला. सरांना बाहेर जा म्हणणं माझ्या जिभेवर होतं, पण दवाखान्याच्या मालकाला नातेवाईक कसं म्हणायचं? शिवाय, खोटं कशाला बोलू, मला ते तिथे हवेच होते. माझी करामत त्यांनी बघावी असं मला वाटत होतं. मी यंत्र टेकवलं. तीन. चार. पाच. काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. सात. आठ. काटा दहावर जाऊन टेकला, त्यापुढे जागाच नव्हती.

'काही वाटतं?' मी विचारलं.

'काही नाही,' काकू म्हणाल्या.

तीनवरून दहा! एवढं अंतर मी कधी पाहिलं नव्हतं. सर 'बढिया!' म्हणाले. मी कागदावर 'उत्तम' लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. यंत्र उचललं तर दंडावर गोल काळपट खूण उमटली होती. ती मला दिसली. सुई लागू पडल्याची ती पावती आहे, असं मी मनाशी म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

ऑपरेशन सकाळी लवकर ठेवलं, ऊन चढायच्या आत. टेबलाला उंच उतार दिला होता, काकूंना आडवं झोपवता येत नव्हतं. मी त्यांच्या डोक्याशी बसले. गळ्यावर हिरवी कापडं टाकली, पलीकडे सर आणि त्यांचे तरुण सहायक डॉक्टर. सुया लावून अर्धा तास झाला होता. नसेतून वेदनेचं औषध अगदी नावाला दिलं होतं, श्वासाला धोका नको म्हणून. बाकीचं तयार ठेवलं होतं.

सरांनी पहिली चीर दिली.

काकूंचे डोळे मिटलेले होते. चेहरा हलला नाही. मी वाकून विचारलं, 'काकू, दुखतंय का?'

'नाही.'

सिस्टर माझ्याकडे बघून कौतुकानं हसली. मीही हसले असेन. मग नाडीच्या यंत्राचा टिकटिक आवाज जरा जलद झाला. नव्वद होती ती नाडी एकशेदहा. थोड्या वेळानं एकशेतीस. रक्तदाब चढत होता. मी त्यांचा तळवा हातात घेतला तर तो घामानं चिंब, आणि बर्फासारखा गार. खोली एवढी थंड, आणि घाम.

'सर, नाडी वाढतेय. थांबता का जरा?'

'घाबरल्यात,' सर म्हणाले. 'काय विहीणबाई, घाबरलात?'

'नाही भाऊसाहेब.' आवाज स्पष्ट होता. एखादी बाई पंगतीत 'आणखी नको' म्हणते तसा.

मी पुन्हा विचारलं. आणखी दोनदा विचारलं. प्रत्येक वेळी नाही. कागदावर माझ्याच अक्षरात उत्तम लिहिलेलं, तोंडानं पेशंट नाही म्हणतोय, आणि नाडी मात्र काहीतरी भलतंच सांगतेय. मी कुणावर विश्वास ठेवावा? मी माझ्या अक्षरावर ठेवला. औषध थोडं वाढवलं, फार नाही. त्यांच्या श्वासाची मला भीती होती, आणि सुईवर भरवसा.

गाठ सुटत आली तेव्हा सरांनी हात थांबवला. गळ्यातल्या या जागी आवाजाची नस असते. ती दुखावली तर माणूस जन्मभर घोगरा होतो. जागा पेशंट असला की त्याला बोलायला लावतात आणि आवाज ऐकत ऐकत पुढे कापतात.

'विहीणबाई, बोलत राहा. काहीही बोला, आवाज बघायचाय.'

काकूंनी ओठ ओले केले. मग म्हणाल्या, 'तुमच्या घरी माझी मुलगी सुखात आहे.'

'छान. थांबू नका.'

'तुमच्या घरी माझी मुलगी सुखात आहे. तुमच्या घरी माझी मुलगी सुखात आहे.'

सर आत कापत होते आणि त्या म्हणत होत्या. एकाच सुरात, जपासारखं. किती वेळा म्हणाल्या ते मी मोजलं नाही. मी यंत्राकडे बघत राहिले. नाडी एकशेचाळीस होती.

गाठ निघाली. आमच्याकडे रिवाज असा की, काढलेली गाठ सर्जन स्वतः ट्रेमध्ये घालून बाहेर नातेवाईकांना दाखवतो. त्यांना खात्री पटते आणि सर्जनलाही बरं वाटतं. सरांनी रक्त थांबल्याचं बघितलं, सहायकाला कातडी शिवायला सांगितली आणि ट्रे घेऊन ते बाहेर गेले. दार मिटलं.

काकूंनी डोळे उघडले. इतका वेळ मिटलेले ते डोळे लालभडक झाले होते.

'गेले का?' त्यांनी मला विचारलं.

'कोण?'

'व्याही.'

'गेले.'

मग त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी विसरू शकत नाही. तो मोठा नव्हता. गळा उघडा असताना मोठा आवाज निघत नाही. सहायकाच्या हातातली सुई तशीच अधांतरी राहिली. सिस्टर भिंतीला टेकली. आणि मला सगळं एकदम कळलं. तीनवर 'बस बस' म्हणणारी बाई खरी होती. दहापर्यंत गप्प बसलेल्या बाईला माझ्या सुईनं काही केलेलं नव्हतं. मधल्या काळात फक्त दारात व्याही येऊन उभे राहिले होते. आमच्या समाजात मुलीच्या आईनं मुलीच्या सासऱ्यापुढे हाय म्हणायचं नसतं, एवढं मला ठाऊक नव्हतं? लहानपणापासून बघत आले. माझ्या स्वतःच्या आईनं माझ्या सासरी उन्हातून येऊन पाणी मागितलं नव्हतं. हे सगळं माहीत असलेली मीच एक त्या खोलीत होते, आणि माझंच लक्ष काट्यावर होतं.

मी भराभर औषध दिलं, आता मोजून-मापून नाही, प्राणवायू लावून, त्यांच्या छातीवर हात ठेवून. 'काकू, सांगायचं होतं. एकदा तरी. मी विचारत होते ना?'

'बाळ, तू भाऊसाहेबांना सांगू नकोस.' मला त्या पहिल्यांदाच तू म्हणाल्या. 'माझ्या पोरीला आधीच ऐकावं लागतं, तुझ्या माहेरचे सगळे रडके म्हणून. एवढं करतायत ते आमच्यासाठी. मी त्यांच्याच टेबलावर बोंबलले असते तर तिला जन्मभर पुरलं असतं.'

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. तोंड त्यांनी स्वतःच दाबलं होतं आणि बुक्की मी मारली होती. 'नाही सांगत,' मी म्हटलं, आणि सहायकाकडे व सिस्टरकडे बघितलं; दोघांनी माना हलवल्या.

दार उघडलं. काकूंचे डोळे मिटले.

'झालंच की!' सर म्हणाले. 'काही कळलं का विहीणबाई?'

'काही नाही, भाऊसाहेब.'

राहिलेले टाके सरांनी स्वतः घातले. संध्याकाळी केसपेपर माझ्यापुढे ठेवला. 'लिहा मॅडम. सुयांचा परिणाम कसा होता ते.' काकू शेजारच्या खाटेवर होत्या. गळ्याला पट्टी. माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी लिहिलं, 'उत्तम. वेदना नाही.' तेव्हा मला वाटलं, मी या बाईचं गुपित राखतेय. खरं तर मी माझीच लाज झाकत होते. तिचं गुपित आणि माझी लाज एकाच कागदाखाली बसत होती, म्हणून ते सोपं गेलं.

काकू सुधारल्या, आवाजही शाबूत राहिला. घरी जायच्या दिवशी त्यांची मुलगी, म्हणजे सरांची सून, माझ्या खोलीत आली. पोट चांगलंच दिसत होतं. मी खुर्ची पुढे केली तर बसलीच नाही, पाया पडायला वाकायला लागली. मी अडवलं.

'मॅडम, तुम्ही जादू केली,' ती म्हणाली. 'मी बाहेर बसून मरत होते. आई तशी ना, काटा टोचला तरी पूरी गली सिर पर उठा लेती है. मला वाटलं, आता ऐकू येणार, आता येणार. एक आवाज नाही! सुईची कमाल आहे.'

ऑपरेशनच्या आधी या मुलीला मी एवढंच विचारलं असतं की, तुझी आई घरी दुखल्यावर काय करते, तर? विचारलं नाही.

'आणि आता माझं पण तुमच्याकडेच,' ती हसत म्हणाली. सासऱ्यांना, म्हणजे सरांना, ती पपा म्हणायची. 'पपांनी कालच ठरवलं. माहेरी नाही जायचं, बाळंतपण इथेच, सुयांवर. म्हणाले, आईला लागू पडली तर मुलीला पडणारच, खून तो वही है. तुमचा तो कागद त्यांनी सगळ्यांना दाखवला. घरी सगळे खूश आहेत. आई पण काही म्हणाली नाही.'

'आई काही म्हणाली नाही?'

'नाही. नुसती उठून आत गेली.'

काकूंनी जे गिळलं ते या मुलीसाठी, आणि तेच आता या मुलीच्या ताटात वाढलं जात होतं, माझ्या सहीनं. मी दिलेला शब्द आठवला. शब्द मोडला तर त्या बाईंनी सोसलेलं सगळं पाण्यात जाणार होतं. नाही मोडला तर काही आठवड्यांनी ही मुलगी माझ्यापुढे पडलेली असणार होती, आणि दारात तेच सासरे हात मागे बांधून.

'ऐक,' मी म्हटलं. 'सुई लागू पडली नव्हती. तुझ्या आईला सगळं कळत होतं. पहिल्या चिरेपासून शेवटपर्यंत. ती ओरडली नाही, कारण समोर तुझे सासरे होते. मी कागदावर खोटं लिहिलंय. तू या सुयांवर जायचं नाहीस. मी आत्ता जाऊन सरांना सांगते.'

माझा आवाज चढला होता. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ती रडेल, माझ्यावर ओरडेल, आईकडे धावत जाईल असं मला वाटलं. तिचा तो हक्कच होता, आणि मी त्यासाठी तयार होते.

तिनं आधी वळून दाराकडे बघितलं. मग डोक्यावरून ओढणी घेतली आणि माझा हात घट्ट धरला.

'मॅडम, धीरे बोला ना,' ती म्हणाली. 'पपा बाहेरच आहेत.'